चुकलेल्या उत्तरापाशी थांबणारी माणसे

५२ मधून २७ वजा केले की किती उरतात? दुसरी-तिसरीतली कितीतरी मुले अगदी ठामपणे ३५ लिहितात. त्यांना वजाबाकी येत नाही, असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. पण मुलाशेजारी बसून ‘हे कसं केलंस, मला करून दाखव’ असे म्हटले की वेगळेच कळते. एककाच्या घरात त्याला २ आणि ७ दिसलेले असतात. मोठ्यातून लहान वजा करायचे हे त्याच्या मनावर ठसलेले असते, म्हणून तो ७ मधून २ काढतो आणि ५ लिहितो. दशकाच्या घरात ५ मधून २ जातात, ३ उरतात. मुलाने नियम पाळलेला आहे, फक्त त्या नियमाची हद्द त्याला कोणी दाखवलेली नाही. भरलेल्या वर्गाच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकाच्या हातून अशा उत्तरावर लाल फुली पडते आणि पान उलटते. त्या फुलीपाशी पाच मिनिटे थांबायला ज्याच्याकडे वेळ आहे, तो बहुतेक वेळा शिकवणी घेणारा असतो. पुढील लेख त्याच्याविषयी आहेत, आणि त्याच्या नजरेतून दिसणाऱ्या शाळेविषयी, मुलांविषयी आणि परीक्षांविषयीही.

अशा चुकांची यादी प्रत्येक अनुभवी शिकवणीवाल्याला तोंडपाठ असते. ‘एकशे पाच’ ऐकून मूल १००५ लिहिते, कारण आधी शंभर ऐकले ते लिहिले आणि मग पाच ऐकले ते पुढे जोडले. ०.३५ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी ठरते, कारण ३५ हे पाचापेक्षा मोठे असतात. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश येते, कारण वरचे वर मिळवले आणि खालचे खाली. बीजगणितात अ आणि ब यांच्या बेरजेचा वर्ग करताना मधले २अब हमखास गळते. ‘रमेशकडे १२ गोट्या आहेत, त्या सुरेशच्या गोट्यांपेक्षा ५ ने कमी आहेत, तर सुरेशकडे किती?’ या उदाहरणात ‘कमी’ दिसताच हात वजाबाकीकडे जातो आणि १७ ऐवजी ७ उत्तर येते. या चुका आळसातून होत नाहीत. आधी शिकलेली गोष्ट नव्या ठिकाणी लावून पाहताना त्या होतात. म्हणून त्या मुलामुलांत सारख्याच सापडतात आणि म्हणूनच त्या वाचता येतात.

मराठीतून शिकणाऱ्या मुलाला यात आणखी एक चढ चढावा लागतो. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात, लिहिताना मात्र सहा आधी लिहायचे असतात. ‘एकोणसत्तर’मध्ये सत्तर ऐकू येतात आणि मूल ७९ लिहून मोकळे होते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ उठला आणि तो विधानसभेपर्यंत पोहोचला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्या वेळी टीकाकारांना लहान मुलांची अडचण धीराने समजावून सांगितली. तो पर्याय योग्य होता की नाही यावर मतभेद असू शकतात. पहिली-दुसरीची मुले रोज शेजारी बसवून शिकवणाऱ्यांना ती अडचण मात्र चांगली परिचयाची होती. त्यांचे म्हणणे त्या वादात फारसे कोणी विचारले नाही.

शिकवणी घेणारी ही माणसे आहेत तरी कोण? चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत संध्याकाळी सतरंजी अंथरून आठ-दहा मुलांना बसवणाऱ्या बाई, डी.एड. होऊन शिक्षकभरतीची वाट पाहणारा तरुण, निवृत्तीनंतर घरी फळा लावलेले गणिताचे सर, स्वतःच्या कॉलेजची फी भरण्यासाठी सातवीच्या मुलांना इंग्रजी शिकवणारी मुलगी. त्यांच्या दारावर पाटी असतेच असे नाही. सरकारी पाहण्यांत मात्र त्यांचे विद्यार्थी दिसतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०२५ मधल्या शिक्षणविषयक पाहणीनुसार देशातले सुमारे २७ टक्के विद्यार्थी त्या वर्षी खासगी शिकवणी घेत होते. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के, तर ग्रामीण भागात २५.५ टक्के होते. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या ‘असर’ अहवालांत ग्रामीण भारतातल्या पहिली ते आठवीच्या मुलांपैकी २०१८ मध्ये २६.४ टक्के मुले पैसे देऊन शिकवणीला जात होती. कोरोनानंतर, २०२२ मध्ये हा आकडा ३०.५ टक्के झाला. शिकवणी शहरातल्या सुखवस्तू घरांपुरती आहे हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

कायद्याने या माणसांना शाळेपासून वेगळे ठेवले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे २८ वे कलम शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई करते. हेतू रास्त आहे. वर्गात अर्धवट शिकवून उरलेले घरी पैसे घेऊन शिकवायचे, ही जुनी तक्रार त्यामागे होती. पण त्याचा एक परिणाम असा झाला की शिकवणारी दोन माणसे एकमेकांना भेटतच नाहीत. शाळेतल्या सरांना संध्याकाळच्या सतरंजीवर काय कळले ते माहीत नसते आणि शिकवणीच्या बाईंना वर्गात काय घडले ते मुलाच्या तोंडून जितके येईल तितकेच कळते. दोघांमध्ये ये-जा करते ती मुलाची वही. मुलाला हातच्याचा घोटाळा होतो हे बाईंना नेमके ठाऊक असते, पण ते वर्गशिक्षकांपर्यंत पोहोचवायची कोणतीही वाट नसते.

महाराष्ट्रात शिकवण्या घेण्याची परंपरा जुनी आहे आणि तिच्यात मोठी नावे आहेत. धोंडो केशव कर्वे तरुणपणी कोकणातल्या मुरूडहून सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले. अंतर सुमारे ११० मैलांचे, वाट घाटाची. तिथे पोहोचल्यावर परीक्षा समितीच्या प्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा १७ वर्षांचा दिसत नाही म्हणून बसू दिले नाही. त्या मुलाने शिकणे सोडले नाही. १८८१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी ते मॅट्रिक झाले. मुंबईत शिकताना आणि नंतरही त्यांनी शिकवण्या घेऊन खर्च भागवला आणि १८९१ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. भाऊराव पाटील रयत शिक्षण संस्था काढण्यापूर्वी साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या घेत, तिथे लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणून ओळखत. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे संस्थेचा पाया घातला. कोणत्या घरातल्या मुलाला शिकणे का अवघड जाते, हे त्या मास्तरकीने त्यांना जवळून दाखवले होते.

तिसरे उदाहरण फी न घेतलेल्या शिक्षकाचे आहे. विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर संध्याकाळी मुंबईच्या चर्नी रोड बागेत जाऊन बसत. तिथे रोज पुस्तक घेऊन येणाऱ्या एका मुलाकडे त्यांचे लक्ष गेले. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली, काय वाचावे ते सांगितले. तो मुलगा दुसऱ्या शाळेचा होता, एल्फिन्स्टन हायस्कूलचा. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला, तेव्हा झालेल्या सत्कारात केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून त्याला शिष्यवृत्ती मिळावी म्हणूनही त्यांनी शब्द टाकला. धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथात त्या मुलाचे, म्हणजे भीमराव आंबेडकरांचे, मॅट्रिकचे गुण नोंदलेले आहेत: ७५० पैकी २८२. म्हणजे ३८ टक्क्यांपेक्षा थोडे कमीच. परळच्या चाळीतली दाटीची खोली, घरातली माणसे झोपल्यावर रात्री उशिरा सुरू होणारा अभ्यास आणि शाळेत वाट्याला आलेली अस्पृश्यता यांतले काहीही त्या गुणपत्रिकेवर उमटत नव्हते. बागेतल्या शिक्षकाला ते दिसले, कारण त्याने त्या मुलाला काय वाचतोस म्हणून विचारले.

परीक्षेचा इतिहासही इथे थोडा सांगायला हवा. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी. तेव्हा ही परीक्षा मूठभरांची होती. राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ १९६६ पासून कामाला लागले, १९७५ पासून अकरावीच्या मॅट्रिकऐवजी दहावीची शालान्त परीक्षा आली आणि आज दर वर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुले तिला बसतात. जी परीक्षा विद्यापीठाच्या दाराशी थोड्यांना निवडण्यासाठी आखली गेली, तीच आता प्रत्येक घरातल्या प्रत्येक मुलाचे मोजमाप झाली आहे. हॉल तिकीट, पॅड, पुरवण्या, भरारी पथक, ‘२१ अपेक्षित’चे संच, केंद्राबाहेर उन्हात ताटकळणारे पालक, हे सगळे त्यातून उभे राहिले.

या मोजमापावर किती विसंबावे, याचा धडा महाराष्ट्राने तीन वर्षांत गिरवला आहे. दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडून मिळणारे २० अंतर्गत गुण काढून टाकले गेले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये ते गुण परत आले. टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले. निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये परीक्षाच रद्द झाली आणि नववीच्या गुणांवर व दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला तो ९९.९५ टक्के. एका वर्षात राज्यातली मुले मंदावली नव्हती आणि पुढच्या वर्षी हुशारही झाली नव्हती. बदलली होती ती गुण देण्याची रीत. २०१९ मध्ये ज्या घरांत नापासाचा शिक्का आला, तिथल्या मुलाला हे कोणी समजावून सांगितले का, हा प्रश्न शिकवणी घेणाऱ्यांना अजून छळतो. त्या जूनमध्ये अशी मुले त्यांच्याच दारात येऊन उभी राहिली होती.

शाळेचे वर्ष शिकवणीच्या खोलीतून वेगळे दिसते. जूनमध्ये नव्या पुस्तकांचा वास असतो आणि पहिला पंधरवडा मागच्या वर्षीचे राहिलेले शोधण्यात जातो. ऑगस्टमध्ये घटक चाचणीचा पेपर घेऊन आई येते आणि ‘याला येतं सगळं, पण पेपरात लिहीत नाही’ असे सांगते. सहामाही दिवाळीच्या तोंडावर संपते. डिसेंबरात स्नेहसंमेलन आणि सहल यांत दोन आठवडे निसटतात, आणि संध्याकाळी मुले नाचाच्या सरावाने दमून येतात. त्या दिवसांत शिकवण्याचा आग्रह न धरता त्यांच्या गप्पा ऐकणारे शिकवणीवाले पुष्कळ आहेत. मुलाला कोणत्या सरांची भीती वाटते, कोणाशेजारी बसायचे नसते, मधल्या सुट्टीत डबा कोण हिसकावून घेतो, हे त्या गप्पांत कळते. गणितातली घसरण पुष्कळदा त्याच दिवसांपासून सुरू झालेली असते. जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा होते आणि तिथून मार्चपर्यंत घराघरांत आवाज खालच्या पट्टीत येतात.

‘येतं, पण लिहीत नाही’ या आईच्या वाक्यात तथ्य असते. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत आणि नंतर मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या दलित विद्यार्थ्यांबरोबर काम केले. विज्ञान न समजण्यामागे पुष्कळदा पाठ्यपुस्तकाची भाषा असते, ती सोपी केली आणि मुलांना बोलायला, प्रश्न विचारायला वाव दिला की त्यांची प्रगती होते, हे त्या कामातून पुढे आले. परावर्तन, अपवर्तन आणि अपस्करण हे तीन शब्द एका धड्यापाठोपाठ दुसऱ्या धड्यात येतात. पाण्यात बुडवलेली पेन्सिल वाकडी दिसते हे मुलाला नीट समजावून सांगता येते, पण ‘अपवर्तनाची व्याख्या लिहा’ म्हटले की पेन थांबते. मग मूल पाठांतराचा आधार घेते. १९९३ मध्ये यशपाल समितीने आपल्या अहवालात दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक आहे, असे बजावले होते. शिकवणीला येणारे मूल ते ओझे घेऊनच येते.

इथे मोठ्या क्लासेसचा आणि घरगुती शिकवणीचा फरक नोंदवला पाहिजे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात जादा तास, शंकानिरसन आणि पुन्हा पुन्हा चाचण्या यांची जी पद्धत रुजवली, ती पुढे ‘लातूर पॅटर्न’ म्हणून गाजली. मराठवाड्यातली मुले गुणवत्ता यादीत झळकू लागली आणि मागास म्हणून हिणवलेल्या प्रदेशाला त्यातून आत्मविश्वास मिळाला, हे तिचे यश खरे आहे. पण तिच्या शिस्तीची नक्कल राज्यभर झाली तेव्हा शंकानिरसन मागे पडले आणि चाचण्या तेवढ्या उरल्या. शे-दीडशे मुलांच्या बॅचमध्ये चूक करणाऱ्या मुलाकडे वळून पाहायला कोणाला सवड नसते. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना कोचिंग केंद्रांत प्रवेश देऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सातवी-आठवीपासून प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेण्याच्या घाईत मुलाचे अपूर्णांक कच्चे राहतात आणि अकरावीत ते उघडे पडतात.

परीक्षेवाचून शिकवता येते हेही याच मातीत दाखवले गेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर, मुले गुरे घेऊन जिथे जात तिथे कुरणशाळा नेली. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलांना एकमेकांच्या स्पर्धेत न उतरवता शिकवले. या कामाचे कौतुक सगळे करतात, अनुकरण थोडेच करतात. तरी शिकवणीच्या खोलीला त्यातली एक गोष्ट सहज घेता येते. तिथे गुण द्यायचे नसतात. फळ्यावर चुकीचे उत्तर लिहून ‘हे कसं आलं असेल?’ असा प्रश्न सर्वांना विचारता येतो, आणि चूक करणारा मुलगाच त्याचे सर्वांत नेमके उत्तर देतो.

शिकवणीचे गोडवे गाताना तिची उणी बाजू लपवू नये. जिथे फी परवडते तिथेच शेजारी बसून समजावणारा माणूस मिळतो आणि ज्या मुलाच्या घरात कोणी दहावीपर्यंत शिकलेले नाही, त्याला तो सर्वांत कमी मिळतो. काही ठिकाणी शिकवणी म्हणजे गाईडमधली उत्तरे वहीत उतरवून घेणे एवढेच असते. अशा दोन तासांनी मुलाची संध्याकाळ जाते, खेळ जातो आणि हाती काही लागत नाही. शेजारी बसून समजावण्याचे काम शाळेतच व्हायला हवे. ज्या शाळेत प्रत्येक मुलाच्या चुकीपाशी थांबायला सवड आहे तिथल्या मुलाला शिकवणी लागू नये.

त्यासाठी काही गोष्टी आजच करता येतील. दहावी-बारावीच्या निकालानंतर मंडळ उत्तरपत्रिकेची छायाप्रत देते, पण लोक ती मागतात ते पुनर्मूल्यांकनासाठी, दोन-चार गुण वाढतील या आशेने. शाळांनी सहामाहीच्या उत्तरपत्रिका मुलांच्या हातात द्याव्यात आणि दिवाळीनंतरचा पहिला आठवडा नवा धडा न घेता त्या चुकांवर खर्चावा. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत नापास झालेल्यांची पुनर्परीक्षा राज्यात होऊ लागली आहे. त्या मुलांना नेमके काय येत नाही, याची मुलागणिक नोंद शिक्षकांनी मधल्या दिवसांत करावी आणि पालकांना टक्क्यांऐवजी ती नोंद दाखवावी. ज्या निवृत्त शिक्षकांकडे आणि शिकलेल्या गृहिणींकडे संध्याकाळचा एक तास मोकळा आहे, त्यांनी आपल्या वस्तीतल्या फी न परवडणाऱ्या दोन मुलांना शेजारी बसवावे. पालकांनी निकालाच्या दिवशी मुलाला किती गुण पडले हे विचारण्यापूर्वी कोणता प्रश्न समजला नाही हे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.